डेटा ऑब्जेक्टसाठी स्वतःचा प्लॉटिंग लेयर लिहायचा तर त्यात काय ठेवायचं आणि काय नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातच डाळिंबाच्या बागांमधल्या सेन्सरचा डेटा सांभाळणारी एक छोटी टीम आहे. मातीचा ओलावा, तापमान, पाऊस आणि सोबतीला उजनी धरणाचा रोजचा साठा, हे सगळं नेटसीडीएफ (आकड्यांसोबत त्यांची माहितीही ठेवणाऱ्या) फाईलमध्ये असतं आणि पायथॉनमध्ये एक्सॲरे या लायब्ररीनं उघडतात. प्रत्येक नोटबुकात मॅटप्लॉटलिब या चित्रं काढणाऱ्या लायब्ररीच्या त्याच चाळीस-पन्नास ओळी कॉपी-पेस्ट झाल्यात, कुठं लेबल मराठीत, कुठं इंग्रजीत, कुठं युनिटच गायब. तर स्वतःचा प्लॉटिंग लेयर, म्हणजे डेटा आणि मॅटप्लॉटलिब यांच्या मधला आपला थोडा कोड, लिहावा का, लिहिला तर केवढा, आणि सबक्लास (मूळ क्लासवर बेतलेला आपला क्लास) करावा की दुसरं काही, असं विचारलंय.

लिहा, नक्की लिहा. पण केवढा हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून आधी तेच सांगतो. मी पाण्याच्या आणि हवामानाच्या डेटावर बरीच वर्षं काम करतोय आणि पहिला लेयर लिहिला तेव्हा तो फुगत गेला. टायटलचा साईज, लेजंडची जागा, ग्रिडचा रंग, कुणी मागितलं की मी एक आर्ग्युमेंट वाढवायचो. शेवटी एका फंक्शनला तीसच्या वर आर्ग्युमेंट झाली आणि तरी रोज कुणीतरी विचारायचंच, अहो टिक तिरके कसे करायचे. ते सगळं मॅटप्लॉटलिबला आधीच येत होतं, मी नुसती त्याची नावं बदलून परत लिहीत बसलो होतो. तो कोड टाकून दिला. आता जो वापरतो तो दोनशे ओळींच्या आत आहे आणि त्याला एकच कसोटी लावतो: जी गोष्ट ऑब्जेक्टला माहीत आहे पण मॅटप्लॉटलिबला माहीत नाही, तेवढीच लेयरमध्ये येणार. मॅटप्लॉटलिबला नुसते आकडे दिसतात. हा आकडा कशाचा, कुठल्या युनिटचा, वर जायचं की खाली, शून्याचा अर्थ काय, हे ऑब्जेक्टजवळ असतं आणि प्लॉट फंक्शनच्या दारात गळून पडतं. ते गळू द्यायचं नाही एवढंच लेयरचं काम. रेषेची जाडी, रंग, मार्कर हे क्वार्ग्जमधून (बोलावणाऱ्यानं दिलेली जादा आर्ग्युमेंट) जसंच्या तसं पुढं ढकलायचं, मध्ये हात घालायचा नाही.

एक्सॲरेत हे बरंचसं तयार मिळतं हे आधी लक्षात घ्या. ही लायब्ररी २०१४ मध्ये एक्सरे नावानं आली, २०१६ पासून एक्सॲरे झाली, आणि तिचं प्लॉट फंक्शन लाँग-नेम (पूर्ण नाव) आणि युनिट्स ही ॲट्रिब्यूट, म्हणजे डेटाला जोडलेल्या नोंदी, वाचून लेबल स्वतः लावतं, एक डायमेन्शन असेल तर रेषा काढतं, दोन असतील तर पीकलरमेश (रंगीत चौकटींचं चित्र), त्याच्या वर गेलं की हिस्टोग्राम. म्हणजे तुमचा लेयर हा या लेयरच्या वरचा लेयर असणार, म्हणून तर तो अजूनच पातळ पाहिजे. हिस्टोग्रामचं मात्र मला पटत नाही, वेळ, खोली आणि प्लॉट नंबर असा तीन डायमेन्शनचा डेटा चुकून दिला तर हिस्टोग्राम काढून गप्प बसण्यापेक्षा स्पष्ट एरर यावा, आणि त्यात डायमेन्शनची नावं लिहून यावीत म्हणजे माणसाला कळतं कशातलं एक निवडायचं राहिलंय.

आता शून्याचा अर्थ म्हणजे काय ते उजनीवरूनच बघा, आपल्याकडं यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. उजनीचा मृतसाठा ६३.६५ टीएमसी, उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, दोन्ही मिळून ११७ च्या थोडं वर. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात, म्हणजे एकूण साठ्यातून ६३.६५ वजा करायचे आणि ५३.५७ नं भागायचं. म्हणून आपल्याकडं धरण उणे होतं, बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे ६० च्या जवळ गेलं होतं, म्हणजे एकूण साठा साडेएकतीस टीएमसीच्या आसपास. आणि पावसाळ्यात भरलं की शंभराच्या पुढं १११ पर्यंत जातं.

हा डेटा वर्ष एका बाजूला आणि महिना एका बाजूला असा दोन डायमेन्शनमध्ये मांडून एक्सॲरेला प्लॉट करायला सांगितला तर काय होतं? त्याचा नियम असा की डेटात उणे आणि अधिक दोन्ही आकडे आले की शून्य मध्ये धरून लाल-निळा दुतर्फा कलरमॅप लावायचा, नाहीतर व्हिरिडिस नावाचा एकेरी कलरमॅप. उजनीला हे मस्त लागू पडतं, मृतसाठ्यात गेलेले महिने निळे, बाकी लाल. पण मग तुम्ही फक्त ऑगस्ट ते डिसेंबर कापून घेता, त्यात एकही उणे आकडा नाही, आणि तोच उजनी, तेच टक्के, अचानक जांभळ्या-पिवळ्या व्हिरिडिसमध्ये येतात. दोन चित्रं शेजारी ठेवली की वाचणारा गोंधळतो. एक्सॲरेची चूक नाही, त्याच्यासमोर नुसते आकडे आहेत, ते किमान-कमाल बघून अंदाज बांधतं. उजनीच्या शून्याला अर्थ आहे आणि सोलापूरच्या सेल्सिअसमधल्या तापमानाच्या शून्याला आपल्या दृष्टीनं काही अर्थ नाही, ही माहिती आकड्यात नसते, ती राशीच्या स्वभावात असते. म्हणून मी फाईलमध्येच व्हेरिएबलला एक ॲट्रिब्यूट ठेवतो, मध्यबिंदू शून्य आहे म्हणून, आणि लेयर ते वाचून कलरमॅप आणि सेंटर ठरवतो, डेटा कितीही कापा. सहा-सात ओळींचं काम आहे, पण लेयर का लिहायचा याचं उत्तर मला त्या सहा-सात ओळींतच दिसतं.

उजनीवरून अजून एक. टीएमसी आणि टक्के दोन्ही एकाच चित्रात पाहिजेत असं सगळेच मागतात आणि लोक ट्विनएक्स करून दुसरा ॲक्सिस लावतात. तसं करू नका. ट्विनएक्समध्ये दोन्ही बाजूंच्या मर्यादा स्वतंत्र असतात, एका बाजूची मर्यादा बदलली की दुसरी तिथंच राहते आणि ६३.६५ समोर शून्य टक्के राहत नाही. मॅटप्लॉटलिबमध्ये सेकंडरी वाय-ॲक्सिस आहे, ३.१ पासून, त्याला जायचं आणि यायचं अशी दोन फंक्शन द्यायची, मग दोन्ही बाजू कायम बांधलेल्या राहतात. दलघमीसाठीही (दशलक्ष घनमीटर) तेच, एक टीएमसी म्हणजे २८.३१७ दलघमी, ५३.५७ चे होतात १५१७.

युनिटचं बोलतोय तर माझी एक चूक सांगतो. एका ऑफिससाठी रिपोर्ट करताना टीएमसीला २८.३१७ नं गुणून दलघमी केलं आणि प्लॉट केलं. मी ॲट्रिब्यूट जपण्याचा ऑप्शन चालू ठेवला होता, कारण एक्सॲरेच्या तेव्हाच्या व्हर्जनमध्ये साधं गणित केलं तरी ॲट्रिब्यूट गळून जायची आणि लेबल कोरं यायचं. झालं काय, आकडे दलघमीचे आणि युनिट जुनंच राहिलं, वाय-ॲक्सिसवर ३३२० टीएमसी असं छापून गेलं. मीटिंगमध्ये एका वयस्कर इंजिनिअर साहेबांनी शांतपणे विचारलं, एवढं पाणी कुठून आणलं हो. तेव्हापासून नियम केला की युनिट बदलणं हे प्लॉटच्या लेयरमध्ये नाही, ते वेगळ्या एका फंक्शनमध्ये, जे आकडा आणि ॲट्रिब्यूट दोन्ही एकदम बदलतं. लेयरनं युनिट फक्त वाचायचं आणि नसेल तर इशारा द्यायचा. कोरं लेबल चुपचाप छापण्यापेक्षा ‘युनिट नाही’ असं लेबलमध्येच आलेलं बरं, लाज वाटून माणूस फाईल दुरुस्त करतो.

आता तुमचा मातीच्या ओलाव्याचा डेटा. समजा सेन्सर १५, ३०, ६० आणि ९० सेंटिमीटरवर आहेत. यात तीन खड्डे आहेत आणि तिन्हीत मी पडलोय.

एक तर इमशो वापरू नका, तो प्रत्येक ओळ सारख्या उंचीची धरतो, म्हणजे १५ ते ३० चं अंतर आणि ६० ते ९० चं अंतर सारखंच दिसतं आणि मुळाजवळचं चित्र खोटं होतं. पीकलरमेश वापरा. पण पीकलरमेशला खरं तर चौकटीच्या कडा लागतात, चार पट्ट्यांना पाच कडा. जुन्या मॅटप्लॉटलिबमध्ये चार आकडे दिले की तो शेवटची ओळ आणि शेवटचा कॉलम काहीही न बोलता सोडून द्यायचा. मी तेव्हा थेट मॅटप्लॉटलिबला डेटा देत होतो, आणि आमच्या चित्रात ९० सेंटिमीटरचा सेन्सर कित्येक दिवस नव्हताच, कुणाच्या लक्षात आलं नाही कारण तीन पट्टे पण छानच दिसत होते. नवीन व्हर्जनमध्ये हे असं गुपचूप होत नाही, आणि एक्सॲरेतून प्लॉट केलं तर ते मधल्या जागा काढून कडा स्वतः बनवतं: ७.५, २२.५, ४५, ७५ आणि १०५. पण हे पण बघा की १०५ हा आकडा कुठल्याही सेन्सरनं मोजलेला नाही, तो अंदाज आहे. तुमच्या सेन्सरचा खरा पल्ला माहीत असेल तर कडा फाईलमध्ये बाउंड्स म्हणून लिहून ठेवा, सीएफ कन्व्हेन्शनमध्ये (हवामान-डेटाच्या फाईलींचे ठरलेले नियम) त्याची सोय आहे, आणि लेयरला सांगा की बाउंड्स असतील तर त्याच घे.

तिसरी गोष्ट दिशा. खोली खाली वाढली पाहिजे. सीएफमध्ये पॉझिटिव्ह नावाचं ॲट्रिब्यूट असतं, त्याची किंमत डाउन असेल तर लेयरनं वाय-ॲक्सिस उलटा करायचा. सोपं वाटतं, पण मी इन्व्हर्ट-वायॲक्सिस हे फंक्शन बोलावलं होतं आणि ते प्रत्येक वेळी उलटं करतं. म्हणजे पहिल्या प्लॉटला ॲक्सिस उलटा झाला, त्याच चौकटीवर पाण्याच्या पातळीची रेषा टाकायला लेयर परत बोलावला, तर तो परत सुलटा झाला! तिसरी रेषा टाकली की परत बरोबर. विषम वेळा बोलावलं की चालतंय आणि सम वेळा बोलावलं की बिघडतंय असा बग शोधायला अख्खी दुपार गेली. वाय-ॲक्सिसवर सेट-इन्व्हर्टेड ला ट्रू द्या, ते किती वेळा केलं तरी तेच राहतं. लेयरमधलं प्रत्येक काम असंच पाहिजे, दोनदा केलं तरी एकदा केल्यासारखं.

फंक्शनचा सांगाडा कसा ठेवायचा ते आता पटकन सांगतो. पहिला डेटा, मग एएक्स (चित्राची चौकट), तो दिला नसेल तर चालू चौकट घ्यायची, मग उरलेले क्वार्ग्ज. प्लॉट झालं की जे मॅटप्लॉटलिबनं दिलं तेच परत करायचं, म्हणजे रेषा किंवा मेश, म्हणजे पुढच्या माणसाला त्यावर हवं ते करता येतं. पांडास (तक्त्यांची लायब्ररी) ॲक्सेस ऑब्जेक्ट, म्हणजे चौकटच, परत देतं, एक्सॲरे आर्टिस्ट, म्हणजे काढलेली रेषा किंवा मेश, देतं, तुम्ही कुठलंही एक धरा पण सगळ्या फंक्शनला तेच ठेवा. शो आतून बोलावू नका. सेव्ह करू नका. आरसी-पॅराम्स (मॅटप्लॉटलिबची सगळीकडं लागू होणारी सेटिंग) इम्पोर्ट करताना बदलू नका, दुसऱ्याच्या नोटबुकातले फॉन्ट आपल्या इम्पोर्टनं बदलले तर तो आपल्याला शोधत येतो आणि त्याचं बरोबर असतं, स्टाईल पाहिजेच असेल तर कॉन्टेक्स्टमध्ये लावा. आणि लेयरनं स्वतः नवी फिगर उघडायची सवय लावली की मग लूपमध्ये प्रत्येक बागेचं चित्र काढताना वीसच्या वर फिगर उघड्या असल्याचा इशारा येतो आणि मेमरी खात जाते, तेव्हा फिगर उघडणं-बंद करणं हे बोलावणाऱ्याकडंच राहू द्या. मॅटप्लॉटलिबचा इम्पोर्ट फंक्शनच्या आत ठेवा, कारण शेतातल्या छोट्या बोर्डवर फक्त डेटा वाचायचा असतो, तिथं मॅटप्लॉटलिब इन्स्टॉल करायची सक्ती कशाला.

सबक्लास करू नका. डेटाॲरेचा (एक्सॲरेच्या मुख्य ऑब्जेक्टचा) सबक्लास केला की सरासरी काढली, कापलं, जोडलं, प्रत्येक वेळी परत काय मिळेल, तुमचा क्लास की मूळ क्लास, याची खात्री ठेवायची म्हणजे अर्धी लायब्ररी सांभाळणं आलं. एक्सॲरेवालेच सांगतात की ॲक्सेसर रजिस्टर करा, एक डेकोरेटर लावायचा आणि प्रत्येक डेटाॲरेला तुमच्या नावाचा एक कप्पा मिळतो. पांडासमध्येही तीच सोय आहे. फक्त नाव प्लॉट ठेवू नका, ते आधीच घेतलेलं आहे. पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावं पण चालतात, चित्र असं नाव ठेवून बघितलं होतं आणि मनाला फार बरं वाटलं होतं, पण टीममध्ये प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा, टॅब मारून पूर्ण होईना, म्हणून सोडलं.

वेळेचं मात्र जपून करा. फाईलमध्ये वेळ बहुतेक यूटीसी असते आणि एक्सॲरेतल्या वेळेला टाईमझोन नसतो. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो दुपारी तीनच्या आसपास, आणि चित्रात तो शिखर सकाळी साडेनऊला दिसतो. सोलापूरचा कुणीही माणूस ते बघून म्हणेल हे चुकलंय, पण ओलाव्याच्या रेषेत तसं शिखर नसतं आणि साडेपाच तासाची चूक तशीच छापली जाते. लेयरनं गुपचूप साडेपाच तास मिळवू नयेत, वेळेच्या कोऑर्डिनेटवर कुठला झोन आहे ते ॲट्रिब्यूट वाचून लेबलमध्ये लिहावं. पावसाचं अजून वेगळं, हवामान खात्याचा दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात आणि ज्या सकाळी मोजला त्या तारखेला लिहितात. म्हणजे १२ तारखेच्या बारमध्ये बहुतेक पाऊस ११ तारखेचा असतो. तुमच्या ओलाव्याच्या रेषेशेजारी तो बार मधोमध काढला तर माती आधी भिजते आणि पाऊस नंतर पडतो असं चित्र येतं. बार साडेआठला संपला पाहिजे, म्हणजे रुंदी एक दिवस आणि कड उजवीकडं.

आणि मधल्या रिकाम्या जागा. सेन्सरची बॅटरी गेली, नऊ दिवस आकडे नाहीत. एनएएन (‘आकडा नाही’ ही खूण) असेल तर मॅटप्लॉटलिब रेषा तोडतं, ते बरोबर आहे. लेयरमध्ये कुणीतरी ‘चित्र छान दिसावं’ म्हणून ड्रॉप-एनए टाकतं, म्हणजे रिकाम्या नोंदी काढून टाकतं, आणि नऊ दिवसांवरून सरळ रेषा जाते, वाचणाऱ्याला वाटतं ओलावा हळूहळू उतरत गेला, खरं तर त्या आठवड्यात ठिबक चालू होतं की बंद तेही माहीत नाही. ड्रॉप-एनए लेयरमध्ये कधीच नको. ओळीच नसतील, एनएएन पण नसेल, तर आधी वेळेची पट्टी पूर्ण करून घ्या, ते पण प्लॉटच्या बाहेर.

मराठी लेबलचं विचारलंय त्याचं उत्तर जरा लांब आहे. डिफॉल्ट डेजाव्हू सॅन्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही म्हणून चौकोन येतात. नोटो किंवा मुक्ता लावला की अक्षरं येतात, पण आमच्या इथल्या सगळ्या इन्स्टॉलेशनवर पीएनजी काढताना जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडं न येता उजवीकडं जाऊन बसते. पावसाचं युनिट मिमी, त्यातल्या पहिल्याच अक्षराला ऱ्हस्व वेलांटी, म्हणजे प्रत्येक पावसाच्या चित्रात चूक. शेतकऱ्यांपुढं असलं चित्र ठेवायला मला आवडत नाही, आपली भाषा तोडून दाखवल्यासारखं होतं. दोन मार्ग आहेत. एमपीएल-कैरो नावाचा वेगळा बॅकएंड आहे, तो अक्षरजोडणी नीट करतो. नाहीतर एसव्हीजी काढा आणि एसव्हीजी-फॉन्टटाईप ला ‘नन’ (none) हा शब्द द्या, मग मजकूर मजकूरच राहतो आणि ब्राउझर तो बरोबर मांडतो, फक्त बघणाऱ्याच्या मशीनवर फॉन्ट पाहिजे. लेयरच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की लेबल बनवणारं फंक्शन एकच असावं. भाषा कुठली, युनिट कंसात की स्वल्पविरामानं, सगळं तिथं. आमच्याकडं ते अकरा ओळींचं आहे आणि अख्ख्या लेयरमध्ये सगळ्यात जास्त वेळा तेच बदललंय.

टेस्ट लिहिताना चित्रांची तुलना करत बसू नका सुरुवातीला, फॉन्ट बदलला तरी पिक्सेल बदलतात. परत आलेल्या आर्टिस्टला विचारा: लेबल काय आहे, वाय-ॲक्सिस उलटा आहे का, किती पट्टे आहेत. चार सेन्सर दिले आणि चार पट्टे आले ही एक टेस्ट माझ्याकडं असती तर तो ९० चा सेन्सर हरवला नसता.

प्लॉटली किंवा एचव्हीप्लॉटवर जावं का, तर झूम करून बघायला छान आहेत, जा, पण वरचं सगळं तिथंही तसंच लागेल, लेबलचं फंक्शन आणि मध्यबिंदूचं ॲट्रिब्यूट मॅटप्लॉटलिबचं नाही, तुमचं आहे, ते वेगळ्या फाईलमध्ये ठेवलं की दोन्हीकडं चालतं.

आणि कोड लिहायला बसायच्या आधी एक काम करा. तुमच्या तीस-चाळीस फाईलींवर लूप लावून प्रत्येक व्हेरिएबलची युनिट्स, लाँग-नेम आणि पॉझिटिव्ह ही तीन ॲट्रिब्यूट प्रिंट करा. माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त रिकामी निघतात, आणि कुठं ‘टक्के’, कुठं ‘%’, कुठं नुसतं १ असं लिहिलेलं असतं. ते एकसारखं करून घ्यायला चार-पाच दिवस जातील. ते झालं की लेयर एका संध्याकाळी लिहून होईल, अडलं तर ती यादी इथं टाका, मी बघतो.